यकृतात रक्त परतते तेव्हा

रहिमतपूर, कोरेगाव या पट्ट्यातला एखादा रुग्ण हृदयविकाराचा झटका आला म्हणून साताऱ्याला किंवा कराडला आयसीयूत दाखल होतो. पहिली रात्र बीपी फार खाली जाते, मग औषधांनी हळूहळू सावरते. घरचे जरा निःश्वास सोडतात, तेवढ्यात रक्ताचा रिपोर्ट येतो. एसजीपीटी तीन हजार! एरवी हा आकडा चाळीस-पन्नासच्या आत असायला हवा. डॉक्टर सांगतात, ‘लिव्हरला रक्त कमी पडलं होतं, त्याचा परिणाम आहे.’ मग सल्ले सुरू होतात. कुणी लिव्हर टॉनिक सुचवतो, कुणी अँटिऑक्सिडंटच्या कॅप्सूल, कुणी हळदीच्या गोळ्या, तर कुणी गुळवेलाचा काढा.

यातले काय उपयोगाचे, हे ठरवायचे तर आधी यकृतात घडते काय, हे समजून घ्यावे लागते. ते अवघड नाही. आपण एकेक टप्पा पाहू.

प्रौढ माणसाचे यकृत साधारण दीड किलोचे असते आणि दर मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त त्यातून वाहते. हृदय जेवढे रक्त बाहेर फेकते, त्याचा हा जवळजवळ पाव हिस्सा झाला. हे रक्त दोन वाटांनी येते. एक वाट यकृताच्या धमनीची. दुसरी पोर्टल शिरेची. ती आतड्यांकडून अन्नरस घेऊन येते. तीन चतुर्थांश रक्त या शिरेतून येते, पण त्यातला ऑक्सिजन आतड्यांनी आधीच थोडाफार वापरलेला असतो. म्हणून धमनीचे रक्त कमी असले, तरी ऑक्सिजनचा जवळपास निम्मा भार तीच उचलते.

दोन वाटा असल्यामुळे यकृत बरेच सोसते. नुसते बीपी खाली गेले म्हणून ते लगेच कोलमडत नाही. शॉक लिव्हरच्या, म्हणजे रक्तपुरवठा घटून यकृताला इजा झालेल्या, ३१ रुग्णांचा एक अमेरिकन अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्या सगळ्यांना मूळचा हृदयविकार होता. अपघातात ज्यांचे बीपी तसेच कोसळले होते, अशा ३१ जणांशी त्यांची तुलना केली, तर या अपघातग्रस्तांतल्या एकालाही ही इजा झालेली नव्हती. हृदय कमजोर असले की मागे रक्त तुंबते, यकृत आधीच फुगलेले असते आणि त्यात पुढून येणारा पुरवठा घटतो. हा दुहेरी मार त्याला सोसत नाही.

यकृताचे रक्त थांबण्याचे प्रसंग मुख्यतः तीन. पहिला वर आला तो: हृदयाचा झटका, रक्तातला तीव्र जंतुसंसर्ग, मोठा रक्तस्राव. दुसरा शस्त्रक्रियेचा. यकृतातली गाठ काढताना रक्त फार वाहते, म्हणून सर्जन आत जाणाऱ्या दोन्ही वाहिन्या काही मिनिटे चिमट्याने बंद करतात. ग्लासगोचे सर्जन जेम्स हॉगर्थ प्रिंगल यांनी १९०८ साली ही युक्ती लिहून ठेवली आणि आजही ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. तिसरा प्रसंग प्रत्यारोपणाचा. दात्याच्या शरीरातून काढलेले यकृत दुसऱ्या शरीरात जोडेपर्यंत कित्येक तास बिनरक्ताचे राहते.

आता पेशीच्या आत जाऊ. पहिला टप्पा उपासमारीचा. पेशी आपले सारे काम एटीपी नावाच्या रेणूवर चालवते. एटीपी म्हणजे तिचे इंधन. ते बनवण्याचे मुख्य ठिकाण म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, शाळेच्या पुस्तकातल्या तंतुकणिका. ऑक्सिजन तुटला की हे काम थांबते. पेशी मग ऑक्सिजनशिवाय थोडेफार इंधन काढते, पण त्यातून आम्ल साचते. पेशीच्या आवरणावरचे पंप थकतात, सोडियम आणि पाणी आत शिरते, पेशी फुगू लागते.

याच वेळी आणखी एक गोष्ट घडते आणि पुढचे सारे संकट तिच्यात दडलेले असते. एटीपी मोडत मोडत त्याचा हायपोझँथिन नावाचा अवशेष उरतो. मायटोकॉन्ड्रियात सक्सिनेट हा पदार्थ साचत जातो. ऑक्सिजन येईपर्यंत हे दोन्ही स्वस्थ पडून असतात.

दुसरा टप्पा रक्त परतण्याचा. इथे बहुतेकांची समजूत चुकते. रक्त आले म्हणजे संकट टळले, असे वाटते. पण इजेचा मोठा भाग इथेच होतो. शेतावरची लाइट बराच वेळ जाऊन अचानक जास्त दाबाने आली की मोटार जळते. गेलेल्या वेळात जळत नाही, आलेल्या क्षणी जळते. यकृतातही तसेच. ऑक्सिजन येताच साचलेले सक्सिनेट भराभर जळू लागते आणि मायटोकॉन्ड्रियातून सुपरऑक्साइड बाहेर पडते. हायपोझँथिनवर झँथिन ऑक्सिडेज या विकराची क्रिया होऊन आणखी सुपरऑक्साइड व हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. विकर म्हणजे शरीरातल्या रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन.

सुपरऑक्साइड हे फ्री रॅडिकल आहे. त्याच्यातला एक इलेक्ट्रॉन जोडीविना असतो, म्हणून ते शेजारच्या रेणूवर तुटून पडते. पेशीचे आवरण, प्रथिने, डीएनए, कशालाही ते सोडत नाही. हा सगळा मारा पहिल्या काही मिनिटांत सुरू होतो. पुढचे औषधोपचार समजून घेताना ही मिनिटांची गोष्ट ध्यानात ठेवा.

शरीराकडे यावर स्वतःचे उपाय आहेत. सुपरऑक्साइड निष्प्रभ करणारे सुपरऑक्साइड डिस्म्युटेज हे विकर जो मॅककॉर्ड आणि अरविन फ्रिडोविच यांनी १९६९ साली उजेडात आणले. हायड्रोजन पेरॉक्साइडचे पाणी करणारे कॅटलेज आहे. आणि सगळ्यांत महत्त्वाचे ग्लुटाथायोन. तीन अमिनो आम्लांचा हा छोटा रेणू यकृत स्वतः बनवते आणि भरपूर साठवते. स्वतः इलेक्ट्रॉन देऊन फ्री रॅडिकलला शांत करतो, तो अँटिऑक्सिडंट. रक्त थांबले की ग्लुटाथायोनचा साठा रोडावतो आणि रक्त परतते तेव्हा त्याची गरज सर्वांत जास्त असते.

फ्री रॅडिकल म्हणजे केवळ शत्रू, असेही समजू नका. आपल्या पांढऱ्या पेशी जंतू मारायला हेच हत्यार वापरतात. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातले टी. पी. ए. देवसगायम, पुणे विद्यापीठातल्या सरोज घासकडबी, डॉ. आर. डी. लेले आणि त्यांचे सहकारी यांनी २००४ साली डॉक्टरांसाठी फ्री रॅडिकल आणि अँटिऑक्सिडंट यांचा एक मोठा आढावा लिहिला. आपल्याकडच्या प्रयोगशाळाही या विषयात बरीच वर्षे काम करत आहेत.

तिसरा टप्पा तासांचा. यकृतातल्या कुप्फर पेशी, म्हणजे तिथे कायम पहाऱ्यावर असलेल्या भक्षक पेशी, चवताळतात. त्यांच्या रासायनिक हाकेने न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी गोळा होतात आणि मेलेल्या पेशींबरोबर जिवंत पेशींनाही इजा करतात. बारीक रक्तवाहिन्यांची अस्तरे सुजतात, त्यामुळे मोठ्या वाहिनीत रक्त आले तरी काही कोपऱ्यांपर्यंत ते पोचत नाही. सहा तासांपासून दिवसभर हे चालू राहते.

आता रिपोर्टकडे वळू. एसजीओटी आणि एसजीपीटी ही यकृताच्या पेशींच्या आतली विकरे. पेशी फुटली की ती रक्तात सांडतात. शॉक लिव्हरमध्ये ती एक ते तीन दिवसांत शिखर गाठतात, कित्येक हजारांपर्यंत जातात आणि रक्तपुरवठा सुधारला तर तितक्याच वेगाने उतरतात. आठ-दहा दिवसांत बरीचशी खाली येतात. आकडा पाहून घाबरायला होते, पण इतका वेगाने चढणारा आणि उतरणारा आकडा हीच या आजाराची ओळख आहे.

इथे दोन चुका वारंवार होतात. पहिली, या आजाराला साधी कावीळ समजणे. यात डोळे पिवळे होणे सुरुवातीला फारसे नसते, तरी ‘लिव्हर खराब’ हे शब्द ऐकले की काही घरांत कावीळ उतरवणाऱ्याकडे जायची तयारी सुरू होते. कृपा करून तसे करू नका. दुखणे हृदयाचे किंवा जंतुसंसर्गाचे असते आणि त्यावरचा उपचार एक दिवस थांबला तर यकृतासकट माणूस जातो.

दुसरी चूक, एसजीपीटी उतरला की सुटलो असे मानणे. फुटायला पेशीच उरल्या नाहीत, तरीही तो उतरतो. म्हणून डॉक्टरांना पीटी-आयएनआर विचारा. रक्त गोठायला किती वेळ लागतो, ते या तपासणीत कळते. गोठवणारी प्रथिने यकृत बनवते, त्यामुळे यकृत काम करते की नाही, हे इथे दिसते. सोबत रुग्णाची शुद्ध, रक्तातली साखर आणि बिलिरुबिन पाहतात. एसजीपीटी उतरतोय आणि आयएनआर चढतोय, झोपाळूपणा वाढतोय, तर ते वाईट लक्षण आहे. अशा वेळी मोठ्या यकृत केंद्रात हलवण्याबद्दल त्याच दिवशी बोलायला हवे.

आता औषधे. अँटिऑक्सिडंट कुठे खरोखर वापरले जातात?

सर्वांत भक्कम जागा रुग्णाच्या शरीराबाहेर आहे. प्रत्यारोपणासाठी काढलेले यकृत थंड द्रावणाने धुऊन सुमारे ४ अंश सेल्सिअसला ठेवतात. १९८०च्या दशकात विस्कॉन्सिन विद्यापीठात फोल्कर्ट बेल्झर आणि जेम्स साउदर्ड यांनी असे एक द्रावण तयार केले. त्यात ग्लुटाथायोन असते. ॲलोप्युरिनॉलही असते, कारण ते झँथिन ऑक्सिडेजला अडवते. युरिक ॲसिडसाठी जी गोळी देतात, तेच हे औषध. आधीच्या द्रावणांत यकृत सहा-आठ तासच टिकत असे, ती मुदत या द्रावणाने बरीच वाढवली. अर्थात सूज कमी ठेवणारे घटक आणि थंडी यांचाही यात मोठा वाटा आहे. एक अडचण अशी की द्रावणाच्या पिशवीतले ग्लुटाथायोन साठवणीत हळूहळू खर्ची पडते.

दुसरे नाव एन-ॲसिटिलसिस्टीन. आयसीयूत त्याला ‘एनएसी’ किंवा ‘नॅक’ म्हणतात. यकृताला ग्लुटाथायोन बनवण्यासाठी लागणारा कच्चा माल ते पुरवते. पॅरासिटामॉलच्या अतिसेवनावर हे औषध सर्वमान्य आहे, आणि लवकर मिळाले तर जीव वाचवते. पॅरासिटामॉलशिवाय इतर कारणांनी यकृत अचानक निकामी झालेल्या रुग्णांवर अमेरिकेत त्याची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००९ साली आले. ज्यांची शुद्ध थोडीच हरपली होती, त्यांच्यात प्रत्यारोपणाशिवाय जगणाऱ्यांचे प्रमाण ३० टक्क्यांवरून ५२ टक्क्यांवर गेले. खोल बेशुद्धीत गेलेल्यांना फायदा झाला नाही. पुन्हा तेच, वेळ.

पण रक्त थांबून झालेल्या इजेवर एनएसीचे चित्र इतके स्वच्छ नाही. इटलीतल्या २०१३च्या एका चाचणीत दात्याचे यकृत काढताना ते दिले, तेव्हा प्रत्यारोपित यकृते जास्त टिकली. नंतरच्या काही चाचण्यांत तसा फायदा दिसला नाही. यकृताचा भाग काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर एनएसी देऊन पाहिलेल्या एका चाचणीत रुग्णांत भ्रमिष्टपणा जास्त आढळला आणि ती मध्येच थांबवावी लागली. शॉक लिव्हरमध्ये काही डॉक्टर एनएसी देतात, काही देत नाहीत. दोघेही चूक नाहीत. मुख्य उपचार हृदयाचा, संसर्गाचा आणि बीपीचाच असतो. ‘ते इंजेक्शन का दिले नाही’ म्हणून डॉक्टरांशी वाद घालण्यात अर्थ नाही.

प्राण्यांवरच्या प्रयोगांत मात्र जवळजवळ प्रत्येक अँटिऑक्सिडंट यशस्वी ठरतो. ई जीवनसत्त्व, क जीवनसत्त्व, हळदीतले कर्क्युमिन, द्राक्षातले रेझव्हेराट्रॉल, सगळेच. मग माणसात का नाही? एक कारण उघड आहे. प्रयोगात उंदराला औषध आधी देतात आणि मग रक्त थांबवतात. आपला रुग्ण दवाखान्यात येतो तेव्हा रक्त थांबून गेलेले असते, बऱ्याचदा परतलेलेही असते. पहिली मिनिटे हातातून निसटलेली असतात. दुसरे कारण, औषध मायटोकॉन्ड्रियाच्या आत, त्या क्षणी, पुरेशा प्रमाणात असावे लागते. सुपरऑक्साइड डिस्म्युटेज शिरेतून टोचले तर काही मिनिटांतच मूत्रपिंडावाटे निघून जाते. तिसरे, प्रयोगातला उंदीर तरुण आणि धडधाकट असतो, तर आपला रुग्ण बहुधा मधुमेही, चरबी साठलेल्या यकृताचा, कधी दारू घेणारा. चरबीचे यकृत रक्त तुटणे फार कमी सोसते.

म्हणून ज्या उपायांनी मुळात फ्री रॅडिकल कमी तयार होतात, त्यांच्यावर माझा जास्त विश्वास आहे. सर्जन चिमटा सलग न ठेवता पंधरा मिनिटे लावतात आणि पाच मिनिटे सोडतात. मोठ्या शस्त्रक्रियेआधी अल्पकाळ रक्त थांबवून यकृताला सराव देण्याची पद्धत आहे. कुत्र्यांच्या हृदयावर हे तत्त्व १९८६ साली दिसले. सर्वांत आशादायक गोष्ट म्हणजे यंत्रावरचे यकृत. काढलेले यकृत बर्फात नुसते न ठेवता यंत्राने त्यातून द्रव फिरवतात. थंड द्रवातून ऑक्सिजन दिला की मायटोकॉन्ड्रिया साचलेले सक्सिनेट संथपणे संपवतात आणि पुढे गरम रक्त येते तेव्हा स्फोट होत नाही. युरोपात २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हृदय थांबलेल्या दात्यांची यकृते अशी ठेवली, तेव्हा पित्तनलिका आकसण्याचा त्रास १८ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आला. इतका ठळक फरक कुठल्याही अँटिऑक्सिडंट गोळीने दाखवलेला नाही.

आता घरातल्या गोष्टी. आपल्या भागात आले आणि हळद दोन्ही पिकतात, आणि सांगलीची हळद तर देशभर जाते. भाजीतली हळद बिनधास्त खा. पण हळदीची कॅप्सूल ही वेगळी वस्तू आहे. कर्क्युमिन पोटातून रक्तात फारसे शिरत नाही. बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ साली दाखवले की मिरीतल्या पायपरिनसोबत दिले तर त्याचे शोषण जवळपास वीसपट होते. तेव्हापासून अनेक कॅप्सूलमध्ये मिरीचा अर्क घालतात. २०२२ साली अमेरिकेत हळदीच्या गोळ्यांमुळे यकृताला इजा झालेल्या दहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. त्यांतल्या अनेकांत ठरावीक जनुकाचा प्रकार सापडला आणि तपासलेल्या काही गोळ्यांत मिरी होती. यकृत सुधारायला घेतलेली गोळी यकृतालाच लागली.

गुळवेलाची गोष्ट तर आपल्या मुंबईतली. कोविडच्या काळात प्रतिकारशक्तीसाठी गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचे तिथल्या डॉक्टरांनी २०२१ साली नोंदवले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वाद झाला. तो वाद बाजूला ठेवला, तरी जखमी यकृतावर काढ्याचा प्रयोग करू नये, एवढे नक्की. शॉकमधून उठलेल्या यकृताला प्रत्येक अनोळखी पदार्थ मोडून काढायचे जादा काम पडते. ताप, अंगदुखीसाठी पॅरासिटामॉलही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, आणि दारूचा तर थेंबही नको.

जीवनसत्त्वाच्या गोळ्या तरी निरुपद्रवी असतील, असे वाटते ना? फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या हजारो पुरुषांना बीटा-कॅरोटिन हा अँटिऑक्सिडंट दिला, तेव्हा फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी वाढला. तो निष्कर्ष १९९४चा आहे.

मग रहिमतपुरात बसून आपण काय करू शकतो? बरेच काही. छातीत दुखणे, थंड घाम, लघवी बंद होणे, फार ताप येऊन गुंगी येणे, यांतले काही दिसले की गावात सलाइन लावून रात्र काढू नका. साताऱ्याला पोचायला तास लागत नाही, आणि कमी रक्तावर गेलेला प्रत्येक तास यकृत मोजत असते. लक्षणे केव्हा सुरू झाली, बीपी केव्हा कमी आढळले, शेवटची लघवी केव्हा झाली, या वेळा कागदावर लिहा आणि आयसीयूतल्या डॉक्टरांच्या हाती द्या.

प्रत्यारोपणाची वेळ आलीच, तर सातारा जिल्हा पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे येतो. सगळे त्याला झेडटीसीसी म्हणतात. मेंदू मृत झालेल्या दात्याचे यकृत कुणाला द्यायचे, हे तिथल्या प्रतीक्षायादीवरून ठरते. रस्ता मोकळा करून रुग्णवाहिका धावते त्या ‘ग्रीन कॉरिडॉर’चे कारणही आता आपल्याला समजले असेल: थंडीत ठेवलेल्या यकृताचे तास वाढले की जोडल्यावरची इजा वाढते.

याच कारणाने दात्याच्या घरच्यांची वेळही महत्त्वाची असते. १९९४च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार डॉक्टरांची समिती किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून मेंदूमृत्यू जाहीर करते. त्यानंतर बीपी टिकवणे कठीण होत जाते आणि यकृताला दात्याच्या शरीरातच रक्त कमी पडू लागते. अवयवदानाबद्दल घरात आधी बोलून ठेवले असेल, तर त्या दिवशी निर्णय लवकर होतो आणि चांगल्या अवस्थेतले यकृत कुणालातरी मिळते.

आणि एक विनंती. रुग्णाला दवाखान्यात नेताना घरातल्या सगळ्या गोळ्या, कॅप्सूल, चूर्णे, काढ्यांच्या बाटल्या एका पिशवीत भरून सोबत न्या. रक्त पातळ करणारी गोळी, सांधेदुखीची गोळी, ओळखीच्याने दिलेली पुडी, काहीच लपवू नका. डॉक्टरांनी विचारले नाही, तरी ती पिशवी त्यांच्यापुढे ठेवा.